एकटीनं खायचं शहर

भारतातून ओसाकाला कुणी येणार असलं की माणसाआधी त्याची यादी येऊन पोचते. दोतोंबोरीचा कालवा, ग्लिको या गोळ्या-बिस्किटांच्या कंपनीच्या पाटीवरचा धावणारा माणूस, नांग्या हलवणारा तो अवाढव्य यांत्रिक खेकडा आणि कुठल्याशा रीलमध्ये पाहिलेलं ताकोयाकीचं दुकान. मी नेते. कालव्याकाठी फोटो काढून देते, रांगेत उभी राहते, जीभ भाजणारे ऑक्टोपसचे गोळे खाऊ घालते. ग्लिकोची पहिली पाटी तिथे 1935 मध्ये लागली, आताची सहावी; रात्री ती झकास दिसते, उगाच नावं कशाला ठेवू? पण ओसाकाची माणसं ऑफिस सुटल्यावर जिथे खातात-पितात त्या जागा निराळ्या. तिथे टेबलं नसतात. एक लांब फळी, अलीकडे आठ-दहा गिऱ्हाइकं, पलीकडे रांधणारा आणि ओतणारा एकच माणूस. या काउंटरांनी मला इथे रुळवलं.

ओसाका स्टेशनच्या दक्षिणेला चार रटाळ इमारती आहेत. नावंही तशीच: ओसाका एकिमाए बिल्डिंग, क्रमांक 1 ते 4. 1970 ते 1981 या काळात बांधलेल्या. वर कचेऱ्या. त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता सरळ तळघरात उतरायचं. चारही तळघरं आतून जोडलेली आहेत. सवलतीची रेल्वे तिकिटं विकणारे गाळे, जुनी नाणी, सोन्याचे भाव लावलेली दुकानं, आणि त्यांच्या अधेमधे दाटीवाटीनं कॉफीची दुकानं, उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स), सुशी, बार. बरेच बार उभ्यानं प्यायचे. जपानीत त्यांना ‘ताचिनोमी’ म्हणतात. खुर्ची नाही, त्यामुळे कुणी तासन्‌तास ठाण मांडत नाही. एक-दोन ग्लास, दोन बश्या, पैसे देऊन पुढच्या बारात. हजार येनमध्ये, म्हणजे आपल्या साडेपाचशे-सहाशे रुपयांत, दोन-तीन पेयं आणि थोडा चकणा सहज होतो.

चकणा म्हटलं की आपल्याला शेंगदाणे आठवतात. इथे बटाट्याचं सॅलड, रसात मुरलेला मुळा, मॅकरेलचं लोणचं म्हणावं असा ‘शिमे साबा’, आणि ‘दोतेयाकी’, म्हणजे गोडसर मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात) तासन्‌तास शिजवलेले बीफचे स्नायू. मी शेवटचा पदार्थ सोडते, मुळा कधीच सोडत नाही. भिंतभर चिकटवलेल्या कागदी पट्ट्यांवर पदार्थ हातानं लिहिलेले असतात आणि ते वाचता आले नाहीत तर शेजाऱ्याच्या बशीकडे बोट दाखवलं तरी चालतं. शेजारी लगेच बोलायला लागतो, हे वेगळं सांगायला नको. तोक्योत वर्षभर शेजारी बसणारा माणूस मान तुकवून निघून जातो म्हणतात. ओसाकाचा माणूस दुसऱ्या घोटाला तुमचं गाव विचारतो आणि तिसऱ्याला हानशिन टायगर्स या इथल्या लाडक्या बेसबॉल संघाच्या कालच्या सामन्याचं गाऱ्हाणं सांगतो.

मावशीचा दर फोनला एकच प्रश्न असतो: “अगं, बारमध्ये एकटी जातेस?” जाते. संध्याकाळी सहाला, खांद्यावर ऑफिसची बॅग घेऊन. माझ्यासारख्या एकट्या बायका आणखीही असतात. कुणी पुस्तक वाचतं, कुणी नुसतं माशावर लक्ष ठेवून असतं. वळून कुणी बघत नाही. पुण्यात मी भेळेच्या गाडीवरसुद्धा मैत्रिणीची वाट बघत थांबायचे. इथे एकट्या माणसाला बसवायची (की उभं करायची?) सोय आधीपासूनच करून ठेवलेली आहे, त्यामुळे त्यात धाडस वगैरे काही उरत नाही. एक मात्र लक्षात ठेवायचं. बसायच्या इझाकायात, म्हणजे जपानी खानावळवजा बारात, न मागता एक छोटी वाटी समोर येते आणि बिलात तिचे तीन-चारशे येन लागतात. ती परत करायची नसते. बसायचं भाडं समजून खायची.

पिण्यात राज्य हायबॉलचं. व्हिस्की, भरपूर सोडा, बर्फ. इथल्या लोकांना त्याचा अभिमान असायला कारण आहे. शिंजिरो तोरीनं 1923 मध्ये जपानमधली पहिली माल्ट व्हिस्कीची डिस्टिलरी यामाझाकीला उभारायला घेतली, आणि ती ओसाका प्रांतातच, शहरातून लोकल गाडीनं अर्ध्या तासावर आहे. साकेचं, तांदळाच्या दारूचं, म्हणाल तर ज्या नादा भागाचं नाव जपानभर घेतलं जातं तो शेजारच्या ह्योगो प्रांतात. काही ठिकाणी लाकडी चौकोनी पेल्यात काचेचा ग्लास ठेवतात आणि ग्लास भरून खाली सांडेपर्यंत ओततात. सांडलेलीही आपलीच. हिशेब न बघता ओतणाऱ्या माणसाबद्दल आपोआप प्रेम वाटतं.

शाकाहारी पाहुण्यांसाठी मात्र हे शहर अवघड आहे, गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. दिसायला शाकाहारी असलेल्या उदोनच्या रशातही दाशी, म्हणजे शेवाळ आणि सुक्या माशाचं पाणी, असते. होक्काइदोचा कोंबू, म्हणजे समुद्री शेवाळ, जुन्या काळी जहाजांनी ओसाकाला यायचा. त्यामुळे इथला रस्सा तोक्योपेक्षा फिका आणि कोंबूच्या चवीचा. पण सोबत सुकवलेल्या बोनितो माशाच्या चकत्या जवळजवळ नेहमीच असतात. हा पूर्व-पश्चिम चवीचा भेद इतका पक्का आहे की निस्सिन कंपनीचं ‘दोनबेई’ हे झटपट उदोनसुद्धा दोन्हीकडे वेगळ्या रशाचं विकलं जातं. शिनसेकाई या जुन्या वस्तीतल्या कुशिकात्सुवाल्यांकडे कमळकाकडी, कांदा, शिताके मशरूम, अगदी लाल आल्याचं लोणचंही काडीला टोचून तळून मिळतं. मात्र कढई सगळ्यांना एकच, आणि तेलात बहुधा प्राण्यांची चरबी. माझा मांसाहारी भाऊ तिथे सुखानं नांदला. सॉसमध्ये काडी एकदाच बुडवायची, उष्टी नाही, ही ताकीद भिंतीवर वाचून म्हणाला, “हे आपल्या आजीनं लिहिलंय.” करोनानंतर बऱ्याच दुकानांनी सॉसचे सामायिक डबे काढून बाटल्या ठेवल्या. आजीला हेही पटलं असतं.

शाकाहाऱ्यांना मग मी किस्सातेनमध्ये नेते. हे जुन्या वळणाचे कॅफे. मखमली खुर्च्या, पिवळा उजेड, कधी कधी सिगारेटचा जुना वास भिनलेले पडदे. सकाळी कॉफीबरोबर पावाचा टोस्ट आणि उकडलेलं अंडं. टोस्टचा तुकडा असा जाड की आधी कडा खाव्या लागतात. कॉफी कडक, कपडी गाळणीतून गाळलेली. आणि ओसाकाचं खास पेय म्हणजे मिक्स ज्यूस: केळं, डबाबंद पीच, संत्री, दूध, बर्फ, सगळं एकत्र घुसळलेलं. शिनसेकाईतल्या सेन्नारिया या दुकानाला त्याच्या जन्माचा मान देतात. पिकून जास्त झालेल्या फळांचं काय करायचं, यातून ते निघालं म्हणे. नव्या कॅफेंत लाते कॉफीच्या फेसावर पानं काढून देतात, तिथे मी क्वचितच जाते. हजार येन मोजून लॅपटॉपवाल्यांच्या रांगेत बसण्यापेक्षा ऐंशीच्या घरातल्या मालकिणीकडून पाण्याचा ग्लास पुन्हा पुन्हा भरून घेणं मला जास्त आवडतं.

आणि करी. नांबा भागातल्या जियुकेन या खानावळीत 1910 पासून भात आणि करी आधीच कालवून देतात, वर कच्चं अंडं. भात गरम ठेवायची सोय नव्हती त्या काळातली ही युक्ती. आपल्या जिभेला ती करी गोडसर लागते, पण इथल्या नव्या ‘स्पाइस करी’वाल्यांचं प्रकरण वेगळं आहे. जिरं, वेलची, मोहरी अख्खी, कधी कढीपत्ताही, आणि रशात मात्र दाशी. दुपारी उघडतात, पातेलं संपलं की पाटी उलटी. माझ्या आवडत्या दुकानाचा मालक फोडणी देताना मोहरी तडतडायच्या आधीच कांदा टाकतो. मी काउंटरवरून बघत राहते. एकदा न राहवून सांगितलं, तर त्यानं पळीच माझ्या हातात दिली.