कुकसाहेबांचं उद्गारचिन्ह

आपल्या शाळेचे शास्त्राचे सर आम्हाला पावसाळा सरता सरता वसईच्या किल्ल्यात घेऊन जात. तटालगतची रुई, आघाडा, टाकळा, खाडीच्या अंगाची तिवरं आणि काटेरी मारांडी. जे दिसेल ते वहीत लिहायचं, पण पान-फूल हातात घेऊन नीट पाहिल्याशिवाय नाही. नाव अडलं की सर म्हणत, "कुक बघू या." मग शाळेत परतल्यावर कपाटातून तीन जाड खंड निघत. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा हा ग्रंथ, बोटॅनिकल सर्व्हेने पुन्हा छापलेला. त्यातलं इंग्रजी आम्हाला झेपत नसे. सर एकेक ओळ वाचून मराठीत सांगत.

हे कुक पेशाने इंजिनिअर होते, हे मला कळलं पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्यावर. तिथल्या जुन्या प्राचार्यांत त्यांचं नाव होतं. १८३६ साली आयर्लंडमधल्या ट्रामोर गावी जन्म, शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, आणि १८६० साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी. आपल्या वसईकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावं असं म्हणजे, वसईच्या खाडीवरचा पहिला मोठा लोखंडी रेल्वेपूल उभारण्याचं काम त्यांच्याकडे होतं. खाडीच्या गाळात दगडी पायाला ठाव मिळत नाही. म्हणून या मार्गावर बिडाचे पोकळ खांब वापरले. त्यांच्या तळाला मळसूत्रासारखं रुंद पातं असे, आणि खांब फिरवत फिरवत गाळात उतरवत. १८६४ च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडपर्यंत गाडी आली ती ही खाडी ओलांडूनच. तो पूल आज राहिलेला नाही. पण भरती-ओहोटीच्या पाण्यात, कमरेएवढ्या चिखलात ते काम करणाऱ्या मजुरांचा विचार भाईंदरच्या पुलावरून जाताना माझ्या मनात हमखास येतो.

१८६५ साली कुक पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १८९३ पर्यंत तिथेच राहिले. या संस्थेचं मूळ १८५४ चा पुण्याचा इंजिनिअरिंग वर्ग. सरकारला बांधकाम खात्यासाठी हाताखालची माणसं हवी होती, एवढाच तिचा हेतू. एतद्देशीयांनी मोठं व्हावं म्हणून कुणी ती काढली नव्हती, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. तरी कुकसाहेबांच्या काळात तिचं कॉलेज ऑफ सायन्स झालं, शेतकी आणि वनविद्येचे वर्गही तिथे भरू लागले. म्हैसूरकडून आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथूनच १८८३ साली एल.सी.ई. या तेव्हाच्या स्थापत्य इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई सरकारच्या नोकरीत लागले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले ते याच नोकरीत असताना. इतका मोठा विद्यार्थी हातून घडला, तर दुसरा कुणी तेवढ्या पुण्याईवर थांबला असता.

१८९१ पासून पश्चिम भारताच्या वनस्पती-सर्वेक्षणाची जबाबदारीही कुकसाहेबांवर आली. कॉलेजात वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह उभा राहिला. निवृत्त होऊन ते इंग्लंडात क्यू इथल्या वनस्पती उद्यानात जाऊन बसले, आणि १९०१ ते १९०८ या काळात ग्रंथाचे भाग एकामागून एक छापून घेतले. शेवटचा भाग निघाला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१० साली, ते गेले.

आता सरांनी आम्हाला दाखवलेली गोष्ट सांगतो. ग्रंथात प्रत्येक झाडाखाली ते कुठे सापडलं आणि कुणी गोळा केलं ते दिलेलं आहे, आणि बऱ्याच नावांपुढे उद्गारचिन्ह आहे. त्याचा अर्थ, हा नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. जिथे चिन्ह नाही, तिथे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबलेलं. बड्या साहेबांच्या नावांच्या रांगेत कानिटकर येतात, भिवा येतो, आणि त्यांच्याही पुढे तेच चिन्ह. भिवाचं नुसतंच नाव आहे, आडनाव नाही, पदवी नाही. पण त्याने डोंगरातून आणलेलं रोप साहेबाने तपासलं आणि श्रेय त्याच्या नावावर मांडलं. सर या ओळीवर बोट ठेवून थांबत. आम्हा कोळी-आगऱ्यांच्या, वाडीवाल्यांच्या पोरांना त्या बोटाचा अर्थ बरोबर कळत असे.

मी पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलं. आमच्याकडे एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तक असतं. खोदाई, भराव, काँक्रीट, सगळं जागेवर मोजून त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. ऑफिसात बसून एम.बी. भरणारेही भेटले आणि तशी सही कर म्हणून दबाव आणणारेही. अशा वेळी माझ्या पाठीशी सर होते, आणि सरांच्या पाठीशी ते तीन खंड. साइटवर गेल्याशिवाय मी सही केली नाही.

शाळेच्या कपाटातले ते खंड वाळवीने खाल्ले असं कळलं. नवा संच मी ग्रंथालयात पाठवत आहे. आत्ताच्या शास्त्राच्या बाईंना एक विनंती आहे. खाडीकाठी भराव पडण्याआधी मुलांना तिकडे न्या, आज तिथे काय काय उगवतं त्याची यादी करून घ्या, आणि प्रत्येक नोंदीसमोर ते झाड ज्या मुलाने पाहिलं त्याचं नाव लिहा.