खेळायला येण्याची वर्गणी

तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. पर्वरीला दर शनिवारी सकाळी दोन तास भरणाऱ्या आमच्या जर्मन खेळगटात मुलाला घेऊन येणारे बहुतेक पालक हाच प्रश्न करतात, की मुले तर नुसती खेळायला येतात, मग वर्गणी वर्षाची का आणि मूल आले नाही त्या शनिवारचे पैसे परत का नाहीत. गटाचा हिशेब मीच ठेवते, तेव्हा उत्तर देणेही माझ्याकडेच येते.

माझी मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत आम्ही श्टुटगार्टला होतो. तिथे चर्चच्या सभागृहात भरणाऱ्या ‘क्राबेलग्रुपे’त, म्हणजे रांगणाऱ्या बाळांच्या गटात, मी तिला नेत असे. आम्ही दोन महिने गोव्याला आलो, तेव्हाही बँकेतून वर्गणी जातच राहिली आणि ती परत मागावी असे माझ्या मनातही आले नाही. तिकडे असे अनेक गट नोंदणीकृत संस्था म्हणून चालतात. नोंदणीला किमान सात सभासद लागतात आणि वर्गणी सहसा सभासदांची सभाच ठरवते. आपल्या 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यालाही सातच माणसे लागतात, आणि आम्हीही सात घरांनी मिळूनच सुरुवात केली.

पहिल्या वर्षी मात्र आम्ही चूक केली. जो येईल त्याने त्या दिवसाचे 200 रुपये द्यावेत, असे ठरवले. जुलैच्या एका शनिवारी पाऊस असा कोसळत होता, की दोनच मुले आली. शिकवणाऱ्या ताई म्हापशाहून भिजत आलेल्या, सभागृहाचे भाडे 700, त्यांचे मानधन 1,000 आणि माझ्या डब्यात 400 रुपये. ताईंनी त्या दिवशी पाकीट घेतले नाही. ऑगस्टमध्ये असेच आणखी दोनदा झाले, आणि सप्टेंबरात त्यांनी दुसरीकडे शिकवणी धरली. दिवाळीपर्यंत गट बंद होता. माझी मुलगी त्या काळात घरी जर्मनमध्ये विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देऊ लागली, हे मी विसरलेले नाही. ताईंना परत आणायला मला तीनदा म्हापशाला जावे लागले.

आता आमची 14 कुटुंबे आहेत आणि प्रत्येक घर, मूल एक असो वा दोन, महिन्याला 600 रुपयांप्रमाणे वर्षाचे 7,200 देते. महिन्याला जमतात 8,400. भाडे आणि मानधन मिळून जातात 6,800. उरलेल्या 1,600 मधला मोठा वाटा पुस्तकांचा, कारण जर्मनीहून मागवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या चित्रपुस्तकांना आपल्या पावसाळ्यात हमखास बुरशी धरते आणि मुले पाने तोंडात घालतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा नवी घ्यावी लागतात. खेळणी मात्र आम्ही घरीच करतो. थुरिंगियातल्या ब्लांकेनबुर्गमध्ये 1840 साली आपल्या बालसंस्थेला ‘किंडरगार्टन’ हे नाव देणाऱ्या फ्रीडरिश फ्रोबेल यांच्या खेळसाहित्यातली पहिली वस्तू म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. तसेच सहा चेंडू माझ्या सासूबाईंनी विणून दिले आहेत.

यंदाच्या जुलैतही एका शनिवारी दोनच मुले आली. ताई वेळेवर आल्या, दारे उघडली, सतरंजी अंथरली. त्यांतला अडीच वर्षांचा मुलगा घरी आजीशी फक्त मराठी बोलतो. निळा चेंडू त्याच्याकडे घरंगळत गेला, त्याने तो परत ढकलला आणि म्हणाला, ‘नॉख माल’, पुन्हा एकदा. ताई तो खेळ अर्धा तास खेळत होत्या. तो अर्धा तास त्या दिवशी घरी राहिलेल्या बारा कुटुंबांच्या वर्गणीवर चालला होता, आणि त्यांची मुले पुढच्या शनिवारी आली तेव्हा ताई तिथे होत्या.

ज्यांना 7,200 एकदम देणे जड जाते, त्यांनी जून आणि डिसेंबर असे दोन हप्ते करावेत. तेही जमत नसेल, तर मला बाजूला घेऊन सांगावे. मागे अशी दोन घरे होती. ती कोणती, हे ताईंनाही ठाऊक नाही.