तुम्ही विचारलंत म्हणून: गाठीचं रक्तच तोडता येत नाही का?

फुफ्फुसाच्या गाठींचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासून रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. हे कळलं की पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात, "गाठ रक्तावरच पोसते ना? मग तिचं रक्तच तोडता येत नाही का?"

थोडंफार तोडता येतं. पण गाठीला रक्त पुरवायला आजूबाजूचं निरोगी शरीरच हातभार लावत असतं, आणि खरी अडचण तिथे आहे.

रक्तवाहिनीतून ऑक्सिजन जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर आत झिरपतो. एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठं व्हायचं तर गाठीला नव्या रक्तवाहिन्या लागतात, असं अमेरिकन सर्जन-संशोधक जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं. फुफ्फुसात हवा खेळती असली तरी घट्ट गाठीच्या पोटात पेशी गुदमरतात. मग एरवी तयार होताच मोडीत निघणारं एचआयएफ हे प्रथिन तिथे टिकून राहतं आणि पेशी व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडू लागतात. त्याच्या दिशेने जवळच्या वाहिन्यांना फुटवे येतात.

स्लाइडवर सीडी-३१चा रंग दिला की वाहिन्यांचं अस्तर तपकिरी उमटतं. निरोगी भागात त्या रेखीव दिसतात. गाठीत वेड्यावाकड्या, मध्येच फुगलेल्या, गळक्या. अवतीभवती फायब्रोब्लास्ट (तंतू विणणाऱ्या पेशी) आणि मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या संरक्षक पेशी) यांची दाटी. या पेशी कॅन्सरच्या नव्हेत, आपल्याच. जखम भरताना करतात तेच काम त्या इथेही करतात: स्वतः व्हीईजीएफ सोडतात, शिवाय त्यांची विकरं (एन्झाइम) भोवतालच्या तंतूंचं जाळं कापून त्यात अडकलेलं व्हीईजीएफही मोकळं करतात. जखम भरली की हे काम थांबतं. गाठीत ते थांबतच नाही, हे पाहताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

व्हीईजीएफला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००६ साली फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. ज्या चाचणीवरून ही मंजुरी मिळाली, तिच्यात केमोला त्याची जोड दिल्यावर आयुष्य साधारण दोन महिन्यांनी वाढलं. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या स्क्वॅमस नावाच्या प्रकारात ते देत नाहीत, कारण फुफ्फुसात जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. आणि एक वाट अडवली तरी एफजीएफसारखे दुसरे संदेश असतातच.

काही गाठी तर नव्या वाहिन्या बनवायच्या फंदातच पडत नाहीत. स्लाइडवर वायुकोशांच्या भिंती जागच्या जागी शाबूत दिसतात. कॅन्सरच्या पेशी फक्त आतली पोकळी भरत जातात आणि भिंतीतल्या जुन्याच केशवाहिन्यांवर जगतात. तिथे नव्या वाहिन्या रोखणारं औषध रोखणार तरी काय?