एक आवार, दोन पिकं : आमची वाटचाल

पिंपळगाव बसवंतच्या बाहेर आमचं आवार आहे. डाव्या हाताला कांद्याचं खळं, उजव्या हाताला द्राक्षाचं पॅकहाऊस, मध्ये एक भिंत. दोन्हीकडचा माल न्हावाशेवालाच जातो, कागदपत्रं एकच सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करणारा एजंट, बघतो, पैसे एकाच बँकेत येतात. तरी भिंतीच्या उजव्या अंगाला मी तीन वर्षांचा विचार करून मशीन घेतो आणि डाव्या अंगाला तीन आठवड्यांच्या पुढचा शब्द कुणाला देत नाही. असं का झालं, ते आमच्या वाटचालीतूनच सांगतो.

खळं दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८८ साली सुरू केलं. लिलावात माल घ्यायचा, निवडायचा, गोण्या भरून कोलकात्याला पाठवायचा. परदेशात माल पाठवणं तेव्हा आमच्यासारख्याच्या हातात नव्हतं. कांद्याची निर्यात नाफेड ही राष्ट्रीय सहकारी संस्था आणि सरकारने ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच व्हायची. मी कृषी पदवी घेऊन २००२ ला घरी आलो आणि द्राक्षाचं वेड घेऊन बसलो. दादा म्हणाले, "कर, पण कांदा सोडू नको. द्राक्ष बुडालं तर कांदा तारेल." पुढे बरोबर उलटं झालं.

माझ्या पहिल्याच हंगामात, २००३ ला, युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि सगळ्या बाजारात आपलं नाव खराब झालं. त्यानंतर जे घडलं ते मी जवळून पाहिलं, म्हणून आजही मनापासून सांगतो. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणारी केंद्राची संस्था अपेडा, पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, राज्याचा कृषी विभाग, निर्यातदार आणि बागायतदार एका टेबलावर बसले. भांडणंही झाली. पण त्यातून उर्वरित अंश नियंत्रणाची व्यवस्था उभी राहिली आणि पुढे बागांचा माग ठेवणारी ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था आली. आता प्रत्येक बागेची नोंदणी होते, तिला क्रमांक मिळतो, प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना काढतो, आणि अहवाल पास झाल्याशिवाय त्या बागेचा घड माझ्या टेबलावर येत नाही. ॲमस्टरडॅमच्या दुकानातला पनेट, म्हणजे द्राक्षाचा छोटा डबा, उचलला तर तो निफाड तालुक्यातल्या कुठल्या बागेचा, हे शोधता येतं.

तरी २०१० ला घाव बसलाच. क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, ते वाढ रोखायला सर्रास वापरलं जायचं. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आमचे दोन कंटेनर रॉटरडॅमला अडकले. तिकडच्या खरेदीदाराने फोटो पाठवले होते: पेटीत दहा पनेट, मणी अजून टणक, देठ हिरवे, आणि वर थांबवल्याचं लेबल. माल चांगला होता, विकता मात्र येत नव्हता. ते कर्ज फेडायला आम्हाला चार हंगाम लागले. बायकोचे दागिने गहाण होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण तालुक्यात त्या साली घरोघरी तेच होतं.

पण पुढच्या हंगामाच्या आत सीसीसी यादीत आलं, प्रयोगशाळांकडे तपासणीची पद्धत आली, गावोगाव बैठका झाल्या. नियम कडक झाला. खर्च वाढला. आम्ही तो सोसला, कारण छाटणीच्या आधी कळलं होतं की काय फवारायचं आणि काय फवारायचं नाही. दूरच्या देशाने घातलेला नियम आणि आपल्या सरकारची व्यवस्था यांच्यामध्ये व्यापारी आणि शेतकरी बोलू शकले, एवढ्याने केवढा फरक पडतो! आज चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षाला त्यांच्या करारांमुळे युरोपात शुल्काची सवलत आहे आणि आपल्याला शुल्क भरून त्यांच्याशी टक्कर द्यावी लागते, तीही आम्ही देतो.

आता भिंतीच्या डाव्या अंगाला या.

१४ सप्टेंबर २०२०, सोमवार. आमचे चार कंटेनर बंदरात होते, तीन कोलंबोचे, एक मलेशियातल्या पोर्ट क्लांगचा. दुपारी सीएचएचा फोन आला की कांदा पुढे सोडत नाहीत, का ते कुणी सांगत नाही. संध्याकाळी निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. जून महिन्यात अध्यादेश काढून कांद्याला जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यातून मोकळं केल्याचा आनंद आम्ही पेढे वाटून केला होता, त्याला साडेतीन महिनेही झाले नव्हते. कंटेनर बारा दिवसांनी परत आले. दार उघडल्यावर आधी वास आला. आमच्याकडे निवडीला येणाऱ्या मावशींनी एक गोणी फोडली, हात घातला आणि काही न बोलता मूठ माझ्यासमोर धरली. कांद्याला बोटभर मोड होते. चार कंटेनरचे साधारण एकशे पंधरा टन. निवडून निम्मा निघाला, तो गोलटीच्या, म्हणजे बारीक कांद्याच्या, भावात गेला.

ही काही एकदाची गोष्ट नाही. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी आली होतीच. मग १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचं नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण बंदी, आधी ३१ मार्चपर्यंत म्हणाले, मार्चमध्ये ती बेमुदत झाली. लाल कांदा ऐन आवकेत होता, तो टिकत नाही, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, घालून वाट बघता येत नाही. पंधरवड्यात भाव निम्म्यावर आला. मधल्या काळात सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा सरकारी परवानगीने गेला, तो एका राष्ट्रीय सहकारी संस्थेमार्फत. आम्ही ज्या खरेदीदारांना वीस वर्षं जपलं, त्यांना आमच्याच जिल्ह्याचा कांदा दुसऱ्याच्या नावाने मिळाला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तरी ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलंच. १३ सप्टेंबरला मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. दोन वर्षांत एवढे नियम बदलले की खळ्याच्या भिंतीवर मी तारखांचा तक्ता लावला आहे, नवीन आलेल्या पोरांना समजावा म्हणून.

शहरातल्या माणसाची बाजू मला कळते. माझी बहीण ठाण्यात राहते, कांदा ऐंशी रुपये झाला की पहिला फोन मलाच येतो. १९९८ ला कांद्याने दिल्लीचं राज्य सरकार घालवलं, ही भीती कुठलाच पक्ष विसरत नाही. त्यासाठी भाव स्थिरीकरण निधीतून राखीव साठा करण्याची वाट आहे, २०२३ ला तो पाच लाख टनांचा ठरवला होता. साठा नीट करा, चाळींना पैसा द्या, सड कमी होईल असं संशोधन करा. पण भाव पाडायचं सोपं हत्यार म्हणून दर वेळी बंदरच बंद करायचं, हे आमच्या शेतकऱ्याच्या खिशातून शहराला दिलेलं अनुदान आहे.

आणि बाहेरच्या देशांचं काय? ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या. उद्योजकांसमोर त्या म्हणाल्या, स्वयंपाक्याला बिनकांद्याचं करायला सांगितलंय, पण आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सभागृह हसलं. मला ते टीव्हीवर बघून हसू आलं नाही. माझ्या चितगावच्या खरेदीदाराने नेमके हेच शब्द मला फोनवर ऐकवले होते. आज तो पाकिस्तानातून, चीनमधूनही माल घेतो, आणि त्याच्या देशाने स्वतःची लागवड वाढवली आहे. त्यांचा कांदा निघायच्या वेळी ते आयात परवाने थांबवतात, तेव्हा आमची तक्रार तिथे कुठल्या तोंडाने करायची?

गेल्या वर्षी संघटनेच्या शिष्टमंडळाबरोबर मी दिल्लीला गेलो. निवेदन लिहिताना एका वकील मित्राने जागतिक व्यापार संघटनेचा शेती करार उघडून दाखवला. त्याचं १२ वं कलम सांगतं की खाद्यपदार्थांची निर्यात रोखणाऱ्या देशाने शक्य तितकं आधी लेखी कळवावं आणि आयात करणाऱ्या देशांनी मागितलं तर बोलावं. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण जो देश त्याच वस्तूचा निव्वळ निर्यातदार आहे त्याला नाही. म्हणजे आधी सांगण्याचं बंधन कागदावर आपण मान्य केलेलं आहे. आम्ही त्यावर बोट ठेवून दोनच मागण्या केल्या: तीस दिवसांची पूर्वसूचना, आणि बंदरात पोचलेल्या मालाला सरसकट सूट. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेत सूट होती, पण शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद, भरलेलं असून जहाज धक्क्याला लागलेलं हवं, किंवा माल कस्टम्सच्या ताब्यात गेलेला हवा, अशा अटींची. रस्त्यात असलेल्या ट्रकला त्याचा उपयोग नाही. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं, एकाने वहीत टिपलं. द्राक्षाचं टेबल उभं राहायला दोन-तीन हंगाम लागले होते, त्यामुळे मी धीर धरून आहे. पुन्हा जाणार आहे.

तोवर आमच्यापुरतं आम्ही बदललो. करारात सरकारी बंदीचं कलम घातलं, आगाऊ रक्कम तीस टक्के केली, आणि एका जहाजावर दोनपेक्षा जास्त कंटेनर ठेवायचे नाहीत असं ठरवलं. कोलंबोचा जुना खरेदीदार पूर्वी महिन्याला दहा मागायचा, आता दोनच मागतो. परवा त्याचेच दोन भरले. छप्पन्न टन उन्हाळ कांदा, पंचावन्न मिलिमीटरच्या वरचा, जाळीच्या लाल गोण्यांत. मावशींनी शेवटची गोणी शिवली, दादा खुर्ची टाकून बसले होते. रात्री पावणेदोनला सीएचएचा मेसेज आला, "जहाज सुटलं." दादा तोपर्यंत जागे होते.