खेळतच बसला, तर लिहायला कधी लागणार?

तुम्ही विचारलंत म्हणून. बालवाडीच्या दारात हा प्रश्न दर जूनमध्ये येतोच. पालक म्हणतात, शेजारचं मूल शंभरपर्यंत म्हणतं, आमचं अजून चिंचोके मोजतंय.

शंभरपर्यंत म्हणणाऱ्या त्या मुलापुढे सात चिंचोके मांडून बघा. पुष्कळदा बोट एका चिंचोक्यावर आणि तोंड दोन आकडे पुढे असतं. जमलंच, तर तेच सात लांब लांब पसरा. चार वर्षांचं मूल बहुतेक वेळा ‘जास्त झाले’ म्हणेल. रागावून ही चूक जात नाही. स्वतः पसरून, गोळा करून, पुन्हा मोजून जाते. मग पाच चिंचोके दोन मुठींत वाटायचे आणि एक मूठ उघडायची: इथे दोन, तर तिथे किती? वजाबाकी इथूनच सुरू होते. (तिनाच्या आतल्यांना चिंचोके नकोत, नाकात जातात. बरण्यांची मोठी झाकणं द्या.)

हाताचंही तसंच. या वयात मनगटातली बरीचशी हाडं अजून कूर्चाच, म्हणजे मऊ, असतात. चाररेघीत ‘अ’ गिरवायला लावला की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, आणि ती पकड पुढे मोडता मोडत नाही. त्याआधी मळायला गोळा द्या: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, रंगाला हळद, आणि पाणी थोडं थोडं करत वाटीभरापर्यंत. मीठ कमी पडलं की गोळा लवकर आंबतो. पावसाळ्यात तेच मीठ ओल ओढतं, तेव्हा कोरडा मैदा चोळायचा. खडू द्यायचा तो पेराएवढा तुकडा. तो मुठीत धरताच येत नाही, बोटांनीच धरावा लागतो.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी गावात 1945 पासून शिंपले, खडे, बिया, पानं यांवरच बालवाडी चालवली. त्यामुळे साधनं नाहीत ही सबब आम्हाला पटत नाही. उलट साधनांची पेटी येते आणि हरवलं तर भरून कोण देणार, म्हणून कुलपात राहते.

मात्र खेळणी ओतून ‘खेळा’ म्हटलं की पंचवीस मुलं एकाच गाडीवर तुटून पडतात. चार-पाच कोपरे करा, प्रत्येकात पाच-सहा मुलं आणि निदान पाऊण तास. भातुकलीत आई कोण, यावरच पहिली दहा मिनिटं जातात, आणि ती जाऊ द्यावीत. भाषा तिथेच वाढते. अशा वेळी बालवाडीच्या ताईंनी ‘हा कोणता रंग?’ विचारलं की खेळ संपला, परीक्षा सुरू झाली. त्यापेक्षा ताट पुढे करून ‘मला अर्धीच भाकरी वाढा’ म्हणावं.

आता ‘कधी’चं उत्तर. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढतं, चौथ्याला फुली, पाचव्याच्या आसपास चौकोन आणि त्यानंतर त्रिकोण. तिरप्या रेघा कोपऱ्यात नीट जुळायला लागल्या, की वही आणा.