धारेची जाडी

आमच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक पितळी नळ होता. दहावीच्या वर्षी एका दुपारी भौतिकशास्त्राच्या सरांनी तो मंद सोडला, खाली एक लिटरचे माप ठेवले आणि ते भरायला 20 सेकंद लागतात हे आमच्याकडून तीनदा मोजून घेतले. मग वर्निअर कॅलिपर माझ्या हाती देऊन त्यांनी धारेची जाडी मोजायला सांगितली. जबड्याचा नुसता स्पर्श झाला तरी धार त्याला चिकटून वाकडी होई, त्यामुळे श्वास रोखूनच ते काम करावे लागले. तोटीशी धार 12 मिलिमीटर भरली. तिथून 15 सेंटिमीटर खाली ती जेमतेम 6 मिलिमीटर उरली होती.

“मग बाकीचे पाणी गेले कुठे?” सरांनी विचारले. ते कुठेच गेले नव्हते. सेकंदाला 50 घन सेंटिमीटर पाणी वरूनही जात होते आणि खालूनही. व्यास निम्मा झाल्याने धारेच्या छेदाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश झाले होते, म्हणून वेग चौपट होऊन सेकंदाला 44 सेंटिमीटरवरून 177 सेंटिमीटरवर गेला होता. पडण्याच्या अंतरावरून वेग सांगणाऱ्या, नववीत शिकलेल्या गतीच्या तिसऱ्या समीकरणात 44 हा आरंभीचा वेग आणि 15 सेंटिमीटर हे अंतर घालून आम्ही ताळा केला, तेव्हाही 177 च आले. क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार कायम राहतो, हे सातत्याचे समीकरण अभ्यासक्रमात नसतानाही सरांनी आम्हाला असे दिले. त्या ताळ्याइतके समाधान मला पुढे अभियांत्रिकीच्या परीक्षांतही क्वचितच मिळाले.

नोकरी पाणीपुरवठ्यात लागली. एका गावी 300 मिलिमीटरच्या, चोवीस तास चालणाऱ्या जलवाहिनीत वेग सेकंदाला 1 मीटर होता आणि पुढे तिला 150 मिलिमीटरचे दोन फाटे फुटत होते. दोन्ही फाट्यांचे क्षेत्रफळ मिळून मूळ वाहिनीच्या निम्मे, तेव्हा प्रत्येकात वेग सरासरी 2 मीटर हवा. एकात तो 2 भरला, दुसऱ्यात मात्र दीडच. याचा अर्थ सेकंदाला जवळजवळ 9 लिटर, म्हणजे दिवसाला साडेसात लाख लिटरांहून अधिक पाणी मधल्या मध्ये नाहीसे होत होते. वर जमीन कोरडी असल्याने गळतीचा कोणालाही संशय नव्हता. पण हिशेबावर विश्वास ठेवून आम्ही खोदले, तेव्हा नाल्याखालचा सांधा निखळलेला सापडला आणि सगळे पाणी नाल्यातच जात असल्याचे दिसले.

त्या दिवाळीत सरांच्या घरी जाऊन मी हे सांगितले. त्यांनी सर्व आकडे कागदावर उतरवून घेतले, पुन्हा गुणून पाहिले आणि विचारले, “दोन्ही फाटे पूर्ण भरून वाहत होते, याची खात्री केली होतीस ना?”

“केली होती, सर.”