फोर्ट मिलचा खांब आणि कंबी नदीवरची पाटी

अमेरिकेत मित्राकडे नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला गेलो होतो, म्हणजे सांगायला शार्लट, घर मात्र राज्याच्या सीमेपलीकडे साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट मिलला, टॅक्स कमी म्हणून आपली बरीच मंडळी तिकडेच सरकलीयत. तिथल्या मेन स्ट्रीटला कॉन्फेडरेट पार्क आहे (कॉन्फेडरेट म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला उत्तरेविरुद्ध लढलेली दक्षिणेची फुटीर राज्यं) आणि त्यात १८९६ चा एक दगडी खांब, चक्क गुलामांच्या नावाने!

मजकूर साधारण असा, की यादवी युद्धात सैन्यासाठी राबले आणि आमच्या घरांचं, बायकामुलांचं इमानेइतबारे रक्षण केलं त्या निष्ठावंत गुलामांना अर्पण. एका बाजूला कोरलंय, बाई गोरं बाळ कुशीत घेऊन बसलीय, दुसऱ्या बाजूला लांब दांड्याचा विळा घेतलेला माणूस. शिवाय दहा जणांची नावं, बहुतेकांचं आडनाव व्हाइट. खांब उभारणारा कोण तर कॅप्टन सॅम्युएल व्हाइट, गुलामांना बऱ्याचदा मालकाचंच आडनाव लागायचं, आता हे आडनाव कुठून आलं ते काय सांगायचं.

सैन्यासाठी राबले हे खरंच, राज्यातल्या चार्ल्स्टन बंदराभोवतीच्या तटबंद्यांवर गुलामांना सक्तीने नेऊन जुंपलं होतं, पण सक्ती हा शब्द काही दगडावर आला नाही. १८६० मध्ये राज्याची लोकसंख्या सात लाख, त्यातले चार लाख गुलाम, त्यातून दहा निवडायचे म्हणजे कमालच. बरं हटवायचा म्हटलं तर राज्याचा २००० सालचा हेरिटेज कायदा आडवा येतो, विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय अशी स्मारकं हलवता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याच राज्यातल्या किनाऱ्यावरच्या ब्यूफर्टला निघालो, वाटेत जरा वाकडी वाट करून हायवे १७ वर कंबी नदीच्या पुलापाशी थांबलो. तिथे साधी सरकारी पाटी. जून १८६३, उत्तरेच्या सैन्यातली काळी पलटण आणि सोबत हॅरिएट टबमन, म्हणजे स्वतः गुलामगिरीतून निसटून इतरांना सोडवणारी बाई, एका छाप्यात सातशेहून जास्त गुलाम सुटले. पाटीवर एवढंच, पण टबमनने नंतर जे सांगितलंय ते भारी आहे, बोटी आल्या म्हटल्यावर बायका हातातलं टाकून पळत सुटल्या, एकीच्या डोक्यावर नुकतंच चुलीवरून उतरवलेलं भाताचं भांडं आणि पाठीला तिचंच पोर, ते एका हाताने आईचं कपाळ धरून दुसऱ्या हाताने भात ओरपतंय! या बाईला दगडात कोरायला कोणी कॅप्टन पुढे आला नाही.

ब्यूफर्टला क्रेव्हन स्ट्रीटवरच्या टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात रॉबर्ट स्मॉल्सची कबर आणि अर्धपुतळा आहे. हा पठ्ठ्या गुलाम होता आणि मे १८६२ मध्ये पहाटेच्या अंधारात डोक्यावर कॅप्टनची हॅट घालून त्याने 'प्लँटर' नावाची कॉन्फेडरेट बोट चार्ल्स्टनच्या तोफांसमोरून बायकापोरांसकट उत्तरेच्या आरमाराकडे नेली. पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतही निवडून गेला. १८९५ मध्ये साउथ कॅरोलायनाची काळ्यांचा मताधिकार मोडणारी नवी राज्यघटना झाली, म्हणजे फोर्ट मिलचा तो खांब उभा राहायच्या आदल्याच वर्षी, तेव्हा हा ती घटना लिहिणाऱ्या सभेत प्रतिनिधी होता आणि त्याने सही करायला नकार दिला. त्याच वेळच्या भाषणातलं वाक्य पुतळ्याखाली आहे, आमच्या लोकांची खास वकिली करायची गरज नाही, फक्त समान संधी द्या. २०२४ पासून त्याच आवारात टबमनचंही मोठं शिल्प आहे, दोन्ही एकदम बघून होतं.